माझ्या व्याह्यांचं ऊन

नागपुरात जेवढं ऊन पडतं ते सगळं आपल्यामुळेच पडतं असं मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. ऊन वाढलं की लोक सरकारला बोलतात, सिमेंटच्या रस्त्यांना बोलतात, देवाला बोलतात. आमचे व्याही स्वतःला बोलतात. पस्तीस वर्षं ते कोराडीला वीजघरात बॉयलरवर होते. "ईनबाई, एवढा कोळसा जाळला मी, त्याची आग कुठं तरी निघणारच ना जी," असं ते मला हात जोडून सांगतात. आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात. मे महिन्यात कोणी ओळखीचा भेटला की ते नमस्कार करायच्या आधी माफी मागतात. एकदा प्रताप नगरात, घराजवळच्या चौकात, त्यांनी भाजीवाल्याची माफी मागितली. त्या बिचाऱ्याला वाटलं यांची गाडी आपल्या ठेल्याला लागली, म्हणून तो खाली बसून चारही चाकं तपासत राहिला. मुलीच्या लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते माझीही माफी मागतात. मी कधी केलं नाही माफ. एका माणसाच्या हाताने एवढं ऊन होत नसतं, आणि न केलेल्या गोष्टीची माफी मी देत नाही.

नुसती माफी मागून त्यांचं भागत नाही, म्हणून ते उपाय करतात. उन्हाची लू लागू नये म्हणून आमच्याकडे सगळेच खिशात एक कांदा ठेवतात. हे सहा ठेवतात. एक स्वतःचा, पाच वाटायचे. एका लग्नात त्यांनी वरातीतल्या नवरदेवाला कांदा दिला. घोड्यावर बसलेल्या त्या पोराच्या एका हातात कट्यार आणि दुसऱ्या हातात कांदा, असा तो मांडवापर्यंत आला, आणि सगळ्या फोटोंत तसाच आहे. मेच्या शेवटी नवतपा लागतो, नऊ दिवस सूर्य नुसता डोक्यावर बसतो. त्या नऊ दिवसांत व्याह्यांचं घर वीजघरासारखं चालतं. सकाळी सातच्या आत स्वयंपाक आटोपायचा. अकरा ते पाच शटडाउन. दारं बंद, खिडक्या बंद, आणि बोलायचं नाही, कारण तोंड उघडलं की आतली गरम हवा बाहेर येते. माझी विहीण त्यांच्याशी एरवीही फारसं बोलत नाही, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही. एकदा गॅस सिलिंडरवाला अकराला दोन मिनिटं कमी असताना आत आला आणि संध्याकाळी पाचला सुटला. कूलरसमोर घोरत पडला होता. दुसऱ्या दिवशी कोणाचंच सिलिंडर नसताना तो पुन्हा पावणेअकराला हजर झाला.

हे सगळं त्यांच्या घरी होतं तोवर मी हसत होते. मग गेल्या वर्षी ते माझ्या घरी आलं.

मी धंतोलीत राहते. वरची एक खोली, डोक्यावर उघडी स्लॅब, समोर दवाखाना. दवाखान्याच्या एसीच्या पेट्या माझ्या खिडकीकडे तोंड करून आहेत, म्हणजे तिकडचे पेशंट थंड होतात आणि त्यांची गरमी माझ्याकडे येते. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मला जिन्यात चक्कर आली होती. मुलगी म्हणाली, "आई, यंदा खोली सोडायची. आमच्याकडे राहायचं." एकदा खोली सोडली की घरमालकीण ती परत देणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. चाळीस वर्षं मी या खोलीत कोणाला न विचारता उठले, न विचारता झोपले. म्हातारपणी मला अकरा ते पाच तोंड बंद ठेवायला जायचं नव्हतं. आमचं भांडण चाललं होतं आणि व्याही कोपऱ्यात कांदा चाचपत बसले होते. ते एकदम म्हणाले, "सूनबाई, मले नवतप्याचे नऊ दिवस दे. रोज दुपारी तीनले ईनबाईच्या खोलीत सदतीसच्या वर पारा गेला, तर मीच ईनबाईचं सामान बांधतो. नाही गेला, तर राहू दे त्यायले तिथंच." मुलगी सासऱ्यांना नाही म्हणू शकली नाही. तिला वाटलं, पारा सदतीसच्या आत काही राहत नाही.

पहिल्या दिवशी व्याही चुन्याची बालटी, डिंक आणि कुंचा घेऊन आले आणि बनियन-लुंगीवर स्लॅब पांढरी करायला लागले. आता व्याही घरी आला की त्याला पाटावर बसवायचं, टोपी-दुपट्टा द्यायचा, ही आमची रीत आहे. मी कुंकू आणि टोपी-दुपट्टा घेऊन वर गेले आणि त्यांच्या चुन्याने भरलेल्या डोक्यावर टोपी ठेवली. घरमालकीण अंगणातून पाहत होती.

"काय वं, मजुराले टोपी-दुपट्टा देऊन राहिली?"

"मजूर नाही. व्याही आहेत माझे."

"मंग व्याह्याले काहून कामाले लावलं वं?"

"ऊन त्यांचं आहे म्हणतात. उतरवू दे त्यांनाच."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुपट्टा काढायला पेटी उघडली तेव्हा व्याही मागे उभे होते. आहेरात आलेले दुपट्टे कोणी वापरत नाही, एकाने दिलेला दुसऱ्याला द्यायचा असतो. माझ्या पेटीत एकवीस निघाले. "हे सारे असेच पडून राहिले?" असं म्हणून त्यांनी ते खाली काढले, एकाला एक शिवले, खिडकीच्या बाहेर पडद्यासारखे टांगले आणि वरून भोकं पाडलेली नळी सोडली. थेंब थेंब पाणी दिवसभर. त्यातल्या एका दुपट्ट्यावर हळदीचा डाग होता. तो मीच त्यांना मुलीच्या लग्नात दिला होता. चार घरं फिरून तो माझ्याच पेटीत येऊन बसला होता.

"तुम्ही कोणाला दिला होता हा?"

"साळ्याले," ते म्हणाले. "तो आवडला म्हणत होता जी."

स्लॅबवर त्यांनी ओली पोती अंथरली. त्या गारव्याला धंतोलीतली सगळी कबुतरं आली आणि माझ्या डोक्यावर दिवसभर घुमायला लागली. मग माणसं आली. दवाखान्यात यवतमाळ, गोंदियाकडून पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक उन्हात फुटपाथवर बसून असतात. त्यांना माझ्या खिडकीखाली, गळणाऱ्या दुपट्ट्यांच्या सावलीत बरं वाटायला लागलं. पाचव्या दिवशी अंगणात पंधरा माणसं डबे सोडून जेवत होती. एका म्हाताऱ्याने मला वर पाहून विचारलं, "बाई, माहा नंबर कधी येईन?" मी म्हटलं, "माझ्यानंतर."

रोज तीनला व्याही उठायचे, चष्मा पुसायचे, भिंतीवरच्या थर्मामीटरला नाक लावायचे आणि वहीत आकडा लिहायचे. छत्तीस. साडेछत्तीस. छत्तीस. माझी मुलगी रात्री फोनवर आकडा विचारायची आणि फोन ठेवायची. चौथ्या दिवशी ते पाणी प्यायला वळले तेव्हा मी सहज पाहिलं. वहीत छत्तीस होतं, पारा अडतीसवर होता. चुना मारायच्या आधी याच खोलीत बेचाळीसही व्हायचं, तेव्हा अडतीस काही वाईट नव्हतं. पण ते सदतीस नव्हतं. मी तोंडाची फटकळ आहे, कोणाचं झाकून ठेवत नाही. त्या दिवशी मात्र गप्प बसले, कारण खोली माझी होती.

नवव्या दिवशी पोती लवकर वाळत होती म्हणून ते भर दुपारी वर गेले. त्यांच्याच शटडाउनची वेळ. मी दोनदा हाक मारली, "उतरा जी खाली." उत्तर आलं नाही. वर जाऊन पाहिलं तर ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. डोळे उघडे होते, पण त्यांनी मला ओळखलं नाही. अंगाला हात लावला तर तवा. मी खाली ओरडले. अंगणातले ते गावाकडचे लोक डबे टाकून वर धावले. त्यांनी खिडकीवरचे ओले दुपट्टे तसेच ओढून काढले, त्यांची झोळी केली आणि व्याह्यांना समोरच्या दवाखान्यात नेलं. तो नंबर विचारणारा म्हातारा पुढे पळत सगळ्यांना बाजूला करत होता. तिथे त्यांना बर्फ लावला, सलाईन लावलं. नर्सने त्यांचे खिसे रिकामे केले आणि टेबलावर सहा कांदे मांडून मला विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "औषध. बाकीच्यांसाठी."

मुलगी, जावई, विहीण येईपर्यंत मी तिथेच होते. मध्ये एकदा त्यांच्या चपला आणायला खोलीत गेले. तीन वाजले होते. दुपट्टे नसलेल्या खिडकीतून गरम हवा आत येत होती. मी थर्मामीटर पाहिला आणि वहीत आकडा लिहिला. नववी ओळ माझ्या अक्षरात आहे.

संध्याकाळी ते शुद्धीवर आले. बाकीचे डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले होते.

"किती होतं?" हाच पहिला शब्द.

"छत्तीस."

"खोटं बोलून राहिल्या, ईनबाई."

"तुम्ही आठ दिवस काय करून राहिले होते?"

"तुम्हाले माहीत होतं?"

"शाळा चौथीपर्यंत झाली माझी. आंधळी नाही मी."

ते तोंड फिरवून भिंतीकडे पाहत म्हणाले, "दोनच कमी केले जी रोज. पस्तीस वर्षं वर नेलं. म्हटलं, दोन तरी खाली आणावं."

मी त्यांच्या उशाशी ठेवलेला कांदा उचलून त्यांच्या खिशात टाकला.

मुलीने वही पाहिली आणि शब्द पाळला. फक्त एक अट घातली, उन्हाळ्यात अकरा ते पाच मी खाली घरमालकिणीकडे बसायचं, तिची खोली थंड असते. ते मी कबूल केलं. आम्ही दोघी दिवसभर भांडतो, वेळ जातो. खरं काय ते मुलीला अजून माहीत नाही. हे वाचलं तर कळेल.

व्याह्यांना आता डॉक्टरांनी उन्हात जायची मनाई केली आहे. यंदा चुना दुसऱ्याच माणसाने मारला, दुपट्टे मीच टांगले, व्याह्यांना शिवण सारखी जमली नव्हती ती उसवून पुन्हा घातली. अंगणात माणसं बसतात. नवतपा लागल्यापासून रोज तीनला त्यांचा फोन येतो. मी जिना चढून वर जाते, पारा पाहते आणि दोन कमी करून सांगते. ते "बरं आहे जी" म्हणतात. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो.

काल चाळीस होतं. मी अडतीस सांगितलं. ते हळूच म्हणाले, "माफ करा जी, ईनबाई."

"केलं," मी म्हटलं.

बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "मंग उद्या पारा किती राहीन?"