तरुणांनी कशाला भरायचं?

आयर्लंडला येऊन सहा वर्षं झाली तरी आमचे दात, चष्मे, रक्ततपासण्या, सगळं पुण्यालाच. डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनमधल्या बहुतेक मराठी घरांची हीच रीत. डिसेंबरात जायचं आणि शरीराची वर्षभराची कामं आठवड्यात उरकून यायचं. मग इथे आरोग्य विमा कशाला, असं नवऱ्याला वाटू लागलं. त्यात पॉलिसीच्या कागदावर सरकारी कराची ओळ दिसली आणि तो उखडलाच.

"म्हाताऱ्यांना आणि आपल्याला हप्ता सारखाच," तो म्हणाला. "वर हा सरकारी कर. सरकार तो निधीत टाकणार आणि ज्या कंपन्यांकडे म्हातारे, आजारी लोक जास्त त्यांना वाटणार. म्हणजे आपण भरायचं आणि दुसऱ्यांनी गुडघे बदलून घ्यायचे!"

"बंद कर मग," मी म्हणाले. हो, मीच. सगळं त्याच्या माथी मारता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

सहा महिन्यांनी मला रक्तस्राव सुरू झाला. स्कॅनमध्ये गर्भाशयात गाठी दिसल्या. कॅन्सर नव्हता, पण ऑपरेशन हवं होतं. सरकारी इस्पितळाचं पत्र आलं की तुमचं नाव यादीत आहे. नंबर कधी लागेल, ते लिहिलेलं नव्हतं. विमा कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की तुमच्या पॉलिसीत खंड पडलाय, आता नव्याने घेतलीत तर या दुखण्यासाठी पाच वर्षं थांबावं लागेल. फोन ठेवताना, इथे 'छान, ठीक आहे' म्हणायची जी रीत आहे तसं म्हणाली, "ग्रँड!" काय ग्रँड, माझं कपाळ?

निधी उभारून हप्ते आवाक्यात ठेवणाऱ्या सरकारला सरकारी रांग मात्र हलवता येत नाही, याची मला चीड येते. आणि पाच वर्षांच्या नियमाची त्याहून जास्त, कारण तो बरोबर आहे. सगळेच दुखल्यावर आत यायला लागले तर त्या निधीत भरणार कोण? आम्ही ठणठणीत होतो तेव्हाच निघून गेलो होतो.

"पुण्याला करून टाकू," नवरा म्हणाला. रक्त इतकं कमी असताना एवढा प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी ऑफिसच्या बॅगेत कपड्यांचा जादा जोड घेऊन फिरत होते आणि जिना चढताना मध्येच बसत होते.

अशात एका मित्राकडे जेवायला गेलो. तिथे नागपूरहून नवीन आलेलं तरुण जोडपं होतं. त्यातल्या मुलाने विम्याचं विचारलं आणि माझा नवरा सोफ्यावर टेकून सुरू झाला, "अरे, हे सगळं म्हाताऱ्यांसाठी असतं. तरुणांनी कशाला भरायचं?"

माझं डोकं सणकलं. मी डिश खाली ठेवली.

"माझ्या गर्भाशयात गाठी आहेत," मी म्हणाले. आमच्यात पुरुषांसमोर असलं कोणी बोलत नाही. "रक्त जातंय, आणि ऑपरेशन कधी होईल देव जाणे." मग मी नागपूरच्या त्या मुलीकडे वळले. "तुला आत्ता काही दुखतंय?"

"नाही, ताई."

"मग उद्याच विमा घे. दुखायला लागल्यावर उपयोग नाही."

नवरा हळूच म्हणाला, "घरी जाऊन बोलू."

"घरी नाही," मी म्हणाले. "मघाशी त्याला जे सांगत होतास ना, ते आता माझ्याकडे बघून पुरं कर."