दिवाळे गावाला हवी एक दुभाषी

सकाळी आठला एसटीतून वाशीत उतरले, तेव्हा माझ्या हातात संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता. बेलापूर खाडीकाठच्या दिवाळे गावात निवट्या (चिखलात राहणारे लहान मासे) मिळेनाशा झाल्या होत्या. लिथुआनियाच्या संशोधक रूताबाई आठवडाभर तिथला चिखल तपासत होत्या आणि आज परत जाणार होत्या. त्यांचं इंग्रजी जुजबी. शास्त्राचं बोलायला त्यांना आपलीच भाषा हवी होती. त्या जे सांगतील त्यावर कोळणी ठरवणार होत्या, जवळच्या कारखान्याविरुद्ध तक्रार करायची की नाही. कारखान्याने आपला दुभाषी देऊ केला होता. मी मोर्च्यांत पत्रकं वाटत वाढलेली कार्यकर्ती; असल्या औदार्याचा मला लांबूनच वास येतो. गावाला मी कळवलं, लिथुआनियनमधून इंग्रजीत सांगणारं माणूस मी आणते, पुढचं मराठी माझ्यावर सोडा.

एपीएमसी मार्केटात आमच्या गावचे शंकरमामा डाळिंबांचे अडते आहेत; आधी त्यांनाच गाठलं.

“लिथुआनिया? देश हाय का औषध?” मामांनी डाळिंब फोडून माझ्या हातावर ठेवलं. मग जरा आठवून म्हणाले, “आमच्या उलव्याच्या सोसायटीत एक पोरगी हाय, मेघना. तिकडंच जीवशास्त्र शिकलीया. पन लय खडूस!”

उलव्यात सगळ्या इमारती सारख्याच. रिक्षावाल्याने दोनदा चुकीच्या सेक्टरात उतरवलं. मामांनी फोनवर काम कळवलं होतं, तरी मेघनाने अर्धंच दार उघडलं.

“तुम्ही कुणाच्या बाजूच्या?” मी पहिलंच विचारलं.

“कुणाच्याच नाही. लिथुआनियनचं इंग्रजी करीन, मराठी करणार नाही.”

“अहो, पण तुम्ही मराठी!”

“शास्त्र मी मराठीत शिकले नाही. एक शब्द चुकला तर गावाला भोवेल.”

मराठीत सांगायला नकार देणारी मराठी मुलगी! कारखान्याने हिलाही गाठलं की काय, ही शंका मला वाटभर छळत राहिली. दिवाळ्यात कोळणींच्या म्होरक्या हिराबाईंनी कुरकुरीत तळलेले बोंबील पुढे केले, तर ही म्हणाली, “कामाआधी मी कुणाच्या घरचं खात नाही.” माझा संशय पक्का झाला. बोंबील मात्र मी दोघींच्या वाटचे खाल्ले.

सुकत घातलेल्या मासळीशेजारी पंधरा-वीस कोळणी बसल्या. रूताबाई बोलल्या, मेघनाने शांतपणे इंग्रजीत सांगितलं: चिखलात घातक धातू सापडले आहेत, ते कुठून आले, हे एवढ्या तपासणीवरून सांगता येणार नाही.

मी उभी राहिले. “चिखलात विष आहे! कारखान्यानेच निवट्या मारल्या!”

टाळ्या पडल्या. मेघना ताडकन म्हणाली, “थांबा. त्या असं म्हणाल्या नाहीत.”

“तुम्ही तर मराठी करणार नव्हता!”

“करत नाही. पण खोटं कळतं की.”

हिराबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “पोरी, तुजा नको सांगू, बायचा सांग. खोट्या कागदावर आमी सह्या केल्या, तर उद्या आमचा खरा कोन ऐकल?”

मान खाली घालून मी जसंच्या तसं सांगितलं. मग बायकांनीच विचारलं, खात्री कशाने होईल? उत्तर आलं, वर्षभर दर महिन्याला, कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी आणि त्या नाल्यापासून दूर, दोन्हीकडचा चिखल जमवावा लागेल.

“एवढाच ना? चिखलात तर आमी रोजच हाव,” हिराबाई म्हणाल्या. रूताबाईंनी बरण्या कशा भरायच्या ते दाखवलं.

परतीच्या एसटीत झोप लागली नाही. तक्रार अजून झालेली नाही. ती आधी भक्कम व्हायची आहे. दिवसभर मी फितूर शोधत फिरले. गावाची तक्रार खोटी पाडायला कारखान्याला माणूस विकत घ्यावा लागला असता; ते काम मी तत्त्वासाठी फुकटात करून मोकळी होणार होते.