भावकी, बॉण्ड आणि वकीलबाई

फॅमिली कोर्टात वकिली करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपल्या पायांनी जिना चढून येतात, खुर्चीवर टेकतात, पाणी मागतात आणि म्हणतात, "मॅडम, तसं काही विशेष नाही..." हे "विशेष नाही" कानावर पडलं की मी पंखा वाढवते आणि चहा सांगते. दुपार गेली म्हणून समजायचं!

संभाजीनगरात कोर्टाजवळच्या गल्लीत, एका झेरॉक्सवाल्याच्या वर माझं ऑफिस आहे. ऑफिसात मी आणि माझे कारकून सलीमभाई. मी चिडकी आहे, हे कोर्टातल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. पण चिडू नको तर काय करू? आमच्या लोकांना वकील सगळ्यात शेवटी आठवतो. आधी मामा, मग भावकी, मग गावातला पुढारी, मग कुणीतरी महाराज. सगळ्यांनी मिळून पुरता विचका केला की मग, "चला आता वकिलाकडं!"

नावं-गावं बदलून सांगते. कुणी ओळखीचं वाटलं तर गप बसा.

*

एकदा सलीमभाई धापा टाकत आत आले. "मॅडम, पूरी बारात आयी है!"

लासूर स्टेशनकडून दोन जीप भरून माणसं आली होती. खुर्च्या संपल्या, स्टूल संपलं, उरलेली जिन्यात उभी. मी विचारलं, "यातलं पक्षकार कोण?" तर सगळेच बोलायला लागले. मुलीला सासरहून आणून बसवलेलं. का? तर दिराच्या लग्नात मुलीच्या मामाला मानाचा फेटाच बांधला नाही! मामा समोरच बसलेले, अजून फुगलेले. बैठकीवर बैठका झाल्या, शेवटी एकमुखानं ठरलं, घटस्फोट घ्यायचा.

ज्या मुलीचा घटस्फोट घ्यायचा होता, ती फाईलींच्या कपाटाला टेकून उभी. तिला बसायला कुणी जागासुद्धा दिली नव्हती. माझं डोकंच फिरलं.

"चला, सगळ्यांनी खाली जाऊन चहा प्या. मामा, तुम्ही पुढं व्हा, तुमचा मान पहिला!"

सगळे उतरल्यावर तिला खुर्ची दिली. म्हटलं, "बाई गं, तुला काय पाहिजे?"

ती आधी रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आमचं दोघांचं चोरून रोज फोनवर बोलणं हाय. ते बी म्हणतेत, ये. पर मामाच्या फेट्याचंच मिटंना!"

"मग कोर्टात काय सांगायचं?"

"मला नवरा पायजे म्हणा. हे जीपवाले नको!"

नवऱ्याला बोलावून घेतलं. आठवड्याच्या आत ती माझ्याच ऑफिसातून सासरी गेली. मामा मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत.

*

चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामाला असलेला एक पोरगा पेढे आणि पत्रिका घेऊन आला. त्याच्या बहिणीची केस मी चालवली होती, त्यामुळे घरोबा.

"मॅडम, दुसऱ्यांदा बोहल्यावर चढतोय. यायचंच!"

पेढा तोंडात होता, तो तसाच राहिला. "पहिलीचं काय झालं रे?"

"मोडलं की! बैठक झाली. बॉण्डवर सोडचिठ्ठी लिहिली. पंचांच्या सह्या आहेत, नोटरीचा शिक्का आहे. एकदम पक्कं काम!"

"अरे बाबा, बॉण्डवर भाडेकरू निघतो, बायको निघत नाही!" मी ओरडलेच. कोर्टाच्या हुकमाशिवाय आपलं लग्न मोडत नसतं. काही समाजांत काडीमोडाचा जुना रिवाज असतो, नाही असं नाही. पण तो रिवाज कोर्टात शाबीत करता करता नवरदेवाचे केस पिकतात. हे सगळं त्याला समजावून सांगितलं. पोरगा पांढराफटक पडला.

"म्हणजे मॅडम, माझं पहिलं लग्न अजून चालूच आहे?"

"चालूच आहे."

"तिचं पण?"

"तिचं वेगळं कसं असेल?"

तो डोक्याला हात लावून खाली बसला. "मेलो! तिचं तर दुसरं लागलं मागच्या वर्षी. मी स्वतः जेवून आलो!"

हसू येत होतं आणि कीवही येत होती. बिचाऱ्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. पंच म्हणाले सुटलात, ही दोघं सुटली. बॉण्ड लिहायच्या आधी पाच मिनिटं आला असता तर? चार माणसांची लग्नं निस्तरायला मला पुढं पुष्कळ तारखा लागल्या.

*

गुलमंडीतल्या एका कापडवाल्यांच्या घरातल्या बाई. नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीचं विचारायचंय. तिचे मिस्टर हात उचलतात."

मी सांगितलं, मैत्रिणीला म्हणावं घर सोडायची गरज नाही, कायदा घरात राहायचा हक्क देतो. मारहाण झाली की सरकारी दवाखान्यात दाखवायचं, कागद जपून ठेवायचे. संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं जाता येतं. फी परवडत नसेल तर बाईला सरकारकडून फुकट वकील मिळतो. त्या मान डोलावत राहिल्या.

महिन्यानं पुन्हा आल्या. "मैत्रीण विचारते, हे सगळं केलं तर मुलं तिच्याकडंच राहतील ना?" त्याचंही सांगितलं. त्या गेल्या. पावसाळ्यात पुन्हा एकदा आल्या, दारातूनच विचारलं, "मैत्रीण म्हणते, कुणाला कळणार नाही ना?"

मी एका शब्दानं टोकलं नाही. माझ्यासारख्या चिडक्या बाईनं जीभ कशी आवरली, ते माझं मला माहीत!

मग एक दिवस आल्या. डोक्यावरून पदर, गॉगल. गॉगल काढला. डोळ्याखाली काळंनिळं. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या,

"मॅडम, मैत्रीण आलीय आज."

*

तुम्ही म्हणाल, हिच्या घरी काय चालत असेल? चालतात की, भांडणं चालतात. एकदा आमचे हे फार तापले. म्हणाले, "आता मी पण वकील लावतो!"

म्हटलं, "खुशाल लावा. शहरात बरा म्हणावा असा जो कुणी आहे, तो माझ्याकडंच शिकलाय."

आतून सासूबाई ओरडल्या, "अरे, मिटव बाबा! तुला फी पडेल, तिला घरचंच आहे!"

*

वेळेवर येणारी माणसं मला इतकी आवडतात, की त्यांना मी चहाबरोबर बिस्किटंही देते. तशी एक शेतकऱ्याच्या घरची लेक आली होती. लग्न होऊन इथंच सिडकोत राहणारी. वडील वारलेले, जमीन भावांच्या ताब्यात.

"मॅडम, उद्या भाऊ मला सहीला नेणार आहेत. हक्कसोड करून घ्यायचंय त्यांना. म्हणतात, सगळ्याच बहिणी करतात."

"तुझी इच्छा काय आहे?"

"इच्छा कुणी विचारलीय? सही नाही केली तर माहेर तुटतं. केली तर..."

मी म्हटलं, सही करायची की नाही, ते तू ठरव. वाटा सोडलास तरी तुझी मर्जी, घेतलास तरी तुझा हक्क. फक्त न वाचता, न समजता सही करू नको, आणि एकदा केलीस की ती परत फिरवणं फार अवघड, एवढं ध्यानात ठेव. ती बरं म्हणून गेली. मला वाटलं, करणार ही सही! भावासमोर कुठल्या बहिणीचं तोंड उघडतं?

दोन दिवसांनी ती हसत आली. भाऊ गाडी घेऊन दारात आला, तेव्हा ती म्हणाली होती, "कागद आधी वकीलबाईंना दाखवते."

भाऊ भडकला. "घरातल्या गोष्टीत वकील कशाला पायजे?"

तर ही म्हणाली, "मग दादा, घरातल्या गोष्टीत रजिस्टर ऑफिस कशाला पायजे?"

*

आता हा एक ऐका.

प्रतिभा आणि गणेश. ती एका खासगी दवाखान्यात नर्स, तो एका कंपनीत सुपरवायझर. आरू नावाची मुलगी, नुकतीच पहिलीत गेलेली. दोघांत वाईट कुणीच नव्हतं, पण एका घरात दोघांचं जमेना. भांडून भांडून दोघंही सुकून गेली होती. शेवटी राजीखुशीनं वेगळं व्हायचं ठरलं आणि प्रतिभानं मुकुंदवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. ती राहायला गेली. सोबत आरू गेली. आणि सोबत सासरेही गेले!

खंडूआबा. धोतर, फेटा, हातात काठी. उभा जन्म मेंढरांमागं रानोमाळ गेलेला. बायको वारल्यावर ते लेकाकडं शहरात आले आणि इथं त्यांचं सगळं केलं ते सुनेनं. तिनं सामान बांधलं, तशी आबांनीही आपली वळकटी बांधली आणि रिक्षात जाऊन बसले.

आरूचा ताबा, भांडीकुंडी, दागिने, सगळ्यावर त्या दोघांचं एका बैठकीत जमलं. अडलं ते आबांवर. गणेश माझ्यासमोर ढसाढसा रडला.

"मॅडम, बायको गेली, पोरगी गेली. आता बापही घेऊन चालली. मी रिकाम्या घरात काय करू?"

मी प्रतिभाची वकील, पण खरं सांगते, त्याच्यासाठी जीव तुटला. आबांना मागं ओढायला कुठला कायदा नव्हता. जाणत्या माणसानं कुठं राहायचं, ते त्याचं त्यानं ठरवायचं असतं.

मग भावकी आलीच! आबांचे दोन चुलतभाऊ गावाकडून थेट माझ्या ऑफिसात. आबा, गणेश, प्रतिभा, सगळे बसलेले. थोरला भाऊ म्हणाला, "खंडू, लेकाचं घर सोडून सोडलेल्या सुनेच्या दारात ऱ्हातो? लोकं आमच्या तोंडात शेण घालतेत."

आबांनी शांतपणे विचारलं, "हिची सुपारी फोडली, तवा मी काय बोललो व्हतो?"

"काय बोलला? सून नाय, लेक म्हणून नेतो, आसं बोलला. ते समदेच बोलतेत!"

"समदे बोलत असतील. म्या खरं बोललो व्हतो." आबांनी काठी आपटली. "नवऱ्याचं जमलं नाय, म्हणून बापानं बी सोडायचं व्हय?"

प्रतिभानं तोंडावर पदर घेतला. आबा माझ्याकडं वळले. "पर वकीलबाई, पोरगं बी माझंच हाय. त्याला बी म्या सोडणार नाय. त्याचं काय ते तुमी बघा."

मी बघितलं. तडजोडीच्या कागदात लिहिलं, की गणेशनं दर रविवारी मुलीला भेटायला यावं, आणि त्याच वेळी वडिलांनाही भेटावं. प्रतिभानं अडवू नये.

जजसाहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "मुलानं बापाला भेटायचं, आणि तेही सुनेच्या घरी? बाबा, तुम्हाला मान्य आहे का हे?"

आबा मागच्या बाकावरून हात जोडून उठले. "मान्य हाय सायेब. फकस्त पोराला येवढं सांगा, लेकीच्या घरी येताना रिकाम्या हातानं येऊ नको."

हुकूम झाला. दोघं रीतसर वेगळी झाली.

त्या दिवाळीत प्रतिभाचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. आपण कोर्टात लिहून दिलंय ना, की इथून पुढं एकमेकांकडून काही घेणार नाही म्हणून?"

"हो, दिलंय. का गं?"

"गणेश आलेत. हातात गुलमंडीतल्या दुकानाची पिशवी आहे. माझ्यासाठी साडी. मी घेतली तर केसला काही होईल का?"

मी काही म्हणायच्या आत फोनमधून आबांचा आवाज आला.

"त्या वकीलबाईला काय इचारती? त्यानं कुटं आणली? म्या धाडलं व्हतं त्याला दुकानात, माझे पाय दुखतेत म्हणून! दिवाळीची साडी हाय, बापाकडची हाय, घे! आन् त्या पोराला आत तर येऊ दे, कवाचा दारात उभा हाय!"