मेट्रोच्या खांबाअलीकडे

यंदाची थंडी मला फार आवडली, आणि लाज वाटते ती त्याचीच. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत उजाडायच्या आधी स्कूटरवर निघायचं म्हणजे बोटं हाताला आहेत की नाहीत ते चाचपून पाहावं लागतं. छातीवर वर्तमानपत्राची घडी, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट, गळ्यात मफलर, माकडटोपी आणि वरून हेल्मेट. सगळं शहर थंडीला शिव्या घालत होतं आणि मी मनात म्हणत होतो, बरं आहे बावा, अजून पडू दे. माकडटोपीत माझं तोंड दिसत नव्हतं.

मी रोज सकाळी बायकोला तिच्या कंपनीच्या बसवर सोडायला जात होतो आणि ते कोणाला दिसू नये अशी माझी इच्छा होती. एवढीच गोष्ट आहे.

त्याआधी वीसेक वर्षं मी स्वतः शहराबाहेर बुटीबोरीच्या कारखान्यांत कामाला जात होतो. एका सूतगिरणीत फिटर होतो. गेल्या साली संक्रांतीनंतर आमचं खातं बंद झालं आणि आम्हा दहा-बारा जणांना घरी पाठवलं. बायको महाल भागात आमच्या घरीच ब्लाउज शिवायची. मी नवीन काम शोधतो, शोधतो म्हणत राहिलो आणि ती महिन्याभरात बुटीबोरीच्याच एका कपड्याच्या कारखान्यात शिलाई मशीनवर लागलीसुद्धा. शहरात सदर भागातल्या ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून मी शेवटी कूलर दुरुस्तीवर आलो. उन्हाळ्यात त्या कामाला मरण नसतं. पण थंडीत कूलर कोण दुरुस्त करतं? तेव्हा दिवाळीपासून माझं पक्कं काम एकच, बायकोला बसवर सोडणं आणि परत आणणं.

आता ही बस कुठं थांबते? वर्धा रोडवर मेट्रोच्या पुलाखाली जो चौक आहे तिथं. बुटीबोरीच्या सगळ्या बसेस तिथंच थांबतात. चहाची टपरी आहे, थंडीत टायरचे तुकडे न् खोके पेटवून शेकोटी करतात. वीस वर्षं मी तिथं हात शेकले, फुकटचे सल्ले दिले, राजकारणावर भांडलो. आमच्यातले ज्यांचं खातं वाचलं ते अजूनही तिथंच उभे असतात. आणि खरं सांगायचं तर त्या चौकात माझं तोंड मोठं होतं. आमच्यातला एक जण रात्रपाळीवरून आल्यावर बायकोला तिच्या शाळेत सोडायला जायचा. त्याचं नाव मी 'ड्रायव्हर साहेब' ठेवलं होतं. तो दिसला की मी मुद्दाम सलाम ठोकायचो आणि सगळी टपरी हसायची.

म्हणून पहिल्याच दिवशी चौक दिसायला लागला तसा माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. तीन-चार खांब अलीकडे, एका खांबाच्या आडोशाला मी गाडी थांबवली. म्हणालो, पुढं गर्दी असते, गाडी वळवता येत नाही. सकाळी सव्वासहाला कसली आली गर्दी? तिनं स्टोल नीट गुंडाळला, डबा घेतला आणि चालायला लागली. दुसऱ्या दिवशी मी सांगायच्या आधीच ती उतरली. तिसऱ्या दिवसापासून तो खांब आमचा ठरूनच गेला.

वर्षभर असं चाललं. उन्हाळ्यात मी गॉगल लावायचो, पावसाळ्यात रेनकोटची टोपी कपाळावर ओढायचो. ती कधी तक्रार करत नव्हती आणि तक्रार नाही म्हणजे त्रासही नाही, असा सोयीचा हिशेब मी करून टाकला होता. मध्ये कोणीतरी केबलसाठी फुटपाथ खणून ठेवला. डिसेंबरात अंधारात तिचा पाय त्या खड्ड्यात गेला आणि गुडघा सुजला. डॉक्टर आराम करा म्हणाला. पण आराम करायची सोय नव्हती. वर्ष भरत आलं होतं. वर्ष पुरं झालेल्या बायांना कंपनी कायम करणार होती, मात्र शेवटच्या महिन्यात एक जरी खाडा पडला तर नाव मागं जाणार होतं. बस चुकली की गेट बंद आणि गेट बंद की खाडा. माझ्या खटाऱ्यावर धुक्यातून बुटीबोरी वेळेत गाठणं शक्यच नव्हतं. म्हणून ती सुजलेल्या गुडघ्याला पट्टा बांधून रोज निघायची, आणि मी तिला रोज त्याच खांबापाशी उतरवायचो. हे लिहिताना माझंच मला खरं वाटत नाही, पण उतरवायचो. मनात यायचं, उद्यापासून पुढं नेऊ. उद्या टपरीवरचे चेहरे दिसले की पुन्हा ब्रेक.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझी बायको गोडाची भारी शौकीन. लग्नाच्या पंगतीत भात-वरणाकडे तिचं लक्ष नसतं, आणि संत्रा बर्फी म्हणजे तर जीव की प्राण. तिच्या बसमधल्या बायांचं सारखं काही ना काही चालू असायचं. कोणाचा वाढदिवस, कोणाचं पोरगं पास झालं, कोणाला नातू झाला. संध्याकाळी ती डब्याच्या झाकणात कागदात गुंडाळलेला पेढा नाहीतर बर्फी घेऊन यायची. तुमच्यासाठी दिलं म्हणायची. तू खाल्लं का, असं मी विचारायचो, तेवढा चांगुलपणा माझ्यात होता. तिकडं खाल्लं म्हणायची. मग मी टीव्हीसमोर बसून मजेत खायचो. घरी मात्र ती चहात साखर जरा जास्तच घालायला लागली होती, आणि मी तिला त्यावरूनही टोकलं होतं. या वयात एवढं गोड बरं नाही, असं मी तिला म्हणालो होतो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी असं धुकं पडलं की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला ऑटो मला हात लागेपर्यंत दिसला नाही. स्कूटर सुरूच होईना. किक मारून मारून मला घाम फुटला. कशीबशी निघाली तेव्हा उशीर झालेला. गांधीसागर तलावावरून येणारा वारा डोळ्यांत घुसत होता, अजनीच्या पुलावर पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मागं ती बसली होती. तिचा हात माझ्या जाकिटावर घट्ट होता, एवढं मला कळत होतं. वर्धा रोडला लागलो आणि तिच्या कंपनीची बस आम्हाला मागं टाकून पुढं गेली.

अशा वेळी कोणीही शहाणा माणूस काय करेल? गाडी दामटेल, बसच्या दाराशी नेऊन लावेल. मी खांबापाशी ब्रेक दाबला.

सवय होती म्हणा, भीती होती म्हणा. गाडी थांबली तशी ती उतरली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. एक पाय ओढत ती पळायला लागली आणि दहा पावलांत धुक्यानं तिला गिळलं. तिच्या चपलेचा आवाज तेवढा येत होता, एक पाय नीट टेकल्याचा, एक फरफटल्याचा. तो आवाज ऐकत मी खांबाआड बसून राहिलो. किती वेळ, माहीत नाही. मग मला माझीच किळस आली. गाडी रेटली, तिला गाठलं, मागं बस म्हणालो. ती बसली. मी सरळ बसच्या दाराशी जाऊन थांबलो.

बस गेली नव्हती. एक तरुण पोरगी दारात एक पाय खाली सोडून उभी होती आणि ड्रायव्हरला काकू आल्याशिवाय हलू देत नव्हती. आम्हाला पाहून ती खाली उतरली. मागून आणखी दोघी-तिघी आल्या. एकीनं माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. मला काय सुचलं कोण जाणे, मी लाडू मोडला आणि अर्धा बायकोपुढं धरला.

"त्यायले नका देऊ, काका," ती पोरगी म्हणाली. "शुगर आहे न त्यायले."

मला काही समजेना. माझ्या बायकोला शुगर नाही. मी तिच्याकडं पाहिलं तर ती गुडघ्याचा पट्टा नीट करत होती. पोरगी बोलतच होती. डॉक्टरनं सकाळी थोडं चालायला सांगितलं म्हणून तुम्ही काकूंना रोज अलीकडेच उतरवता, उन्हा-पावसात त्या पोचेपर्यंत तिथं थांबून राहता, आमच्या नवऱ्यांना हे कधी सुचायचं. बाया हसल्या, कौतुकानं. बस सुटली. टपरीवरून माझा जुना सोबती पुढं आला, तोच, ज्याला मी ड्रायव्हर साहेब म्हणायचो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, वहिनीच्या तब्येतीकडं चांगलं ध्यान देऊन राहिला तू. आम्ही पाहतो न रोज.

म्हणजे माकडटोपीतूनही मी सगळ्यांना दिसत होतो. टोपी, गॉगल, खांब, सगळं फुकट. चहा पाजला त्यानं, तो प्यालो. हातातला अर्धा लाडू टाकवेना आणि खाववेनाही. तो मी जाकिटाच्या खिशात ठेवला.

दिवसभर मी घरात फेऱ्या मारल्या. वर्षभराचे पेढे, बर्फ्या, कोणाच्या वाढदिवसाचा केक, एकेक आठवत होतं. ते सगळं तिच्यासमोर आलेलं, तिनं नको म्हटलेलं, आणि मी खाल्लेलं. संध्याकाळी ती मेथी निवडत बसली तेव्हा मी विचारलं, असं काहून सांगितलं त्यांना.

"मंग काय सांगू?" ती म्हणाली. "पहिल्याच हप्त्यात त्या पोरीनं विचारलं, काका तिकडंच काहून उतरवून देतेत, भांडण झालं का. तोंडात आलं ते बोलली. मंग मागं कसं घेऊ जी?"

"म्हणजे मी तिथं काहून थांबतो, ते माहीत होतं तुले?"

"पहिल्या दिवशीपासून."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या आणि उठून कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला थेट चौकात सोडायला लागलो. वाटलं, संपलं प्रकरण. पण कुठलं संपायला? रोज कोणीतरी विचारायचं, काकूंची शुगर आता कशी आहे, चालणं बंद काहून केलं. मी म्हणायचो, गुडघा दुखतो न. लाजेतून सुटायला आलो होतो आणि फुकटचं कौतुक गोळा करत उभा राहत होतो. खरं बोलायला चार शब्द लागले असते. ते तोंडापर्यंत यायचे आणि जुन्या सोबत्यांकडं पाहिलं की आत जायचे.

जानेवारी सरता सरता ती कायम झाली. संध्याकाळी आम्ही महालातल्या दुकानातून संत्रा बर्फीचा मोठा डबा घेतला. सकाळी तो तिनं मांडीवर धरून आणला. धुकं नव्हतं, थंडी मात्र तशीच होती, आणि मी माकडटोपी घरी ठेवून आलो होतो. कान नुसते जळत होते.

चौकात तिनं डबा उघडला. बसमधल्या बायांना दिली, चहावाल्याला दिली, माझ्या सोबत्यांना दिली, ड्रायव्हरला खिडकीतून दिली. शेकोटीभोवतीच्या अनोळखी माणसांनाही दिली. तळाशी थोड्या वड्या राहिल्या. तिनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, बोटांना लागलेला चुरा रुमालाला पुसला आणि झाकण लावलं. पोरगी हळहळून म्हणाली, तुमचंच तोंड गोड करायचं न् तुम्हालेच खाता येत नाही.

ती हसली. हो न बाई, म्हणाली.

तो बोटं पुसायचा रुमाल मला पाहवला नाही. मी पुढं गेलो, तिच्या हातातून डबा घेतला आणि झाकण काढलं. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. माझा आवाज टपरीपर्यंत जाईल एवढा मोठा मी मुद्दाम काढला.

"तिले शुगर-बिगर काही नाही," मी म्हणालो. "मलेच लाज वाटत होती. बायकोले कामावर सोडतो ते तुमाले दिसू नये म्हणून मी तिले वर्षभर तिकडं उतरवलं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर जमून गेलं असतं. शेकोटीजवळचा माझा सोबती खाली पाहून लाकूड सारत राहिला. ती पोरगी माझ्याकडं पाहत होती, पण आता काकांकडं पाहावं तसं पाहत नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

बायकोनं माझ्या हातातला डबा ओढून घेतला आणि ती बसमध्ये चढली. बस निघाली. मला वाटलं, खिडकीतून ती एकदा तरी पाहील. तिनं पाहिलं नाही. डबा मांडीवर घेऊन ती बर्फी खात होती, एक संपायच्या आत दुसरी उचलत होती.