गुडघे सरळ करा

आम्ही सुरगाण्याकडून सातपूरला आलो तेव्हा घरात कमावता एकटा बा. कारखान्यांत लोखंडी माल चढवायचा-उतरवायचा, तोही रोजंदारीवर. सकाळी गेटसमोर माणसं ओळीनं उभी राहायची आणि मुकादम त्यातून निवडायचा. बा निवडला गेला नाही, की सकाळचीच नागलीची भाकरी रात्री पाण्यात कुस्करून खायची.

ओझ्यानं बाच्या कमरेचे मणके झिजले आणि तो पुढं वाकायला लागला.

"काय रे, खाली काय हरवलंय?" मुकादमानं विचारलं.

"तुमची नजर पडली का कुठं, ते बघतो," बा म्हणाला. ओळ हसली. बाला त्या दिवशी घेतलं नाही.

मग त्यानं युक्ती काढली. उभं राहताना गुडघे थोडे मोडायचे, ढुंगण आत घ्यायचं, छाती वर काढायची. ढगळ पँटीत गुडघे दिसत नाहीत. लांबून माणूस ताठ. घरात आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

पुढं पायांत मुंग्या यायला लागल्या. थोडं चाललं की बसावं लागे. एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आधी उभ्यानं एक्स-रे काढला, तेव्हा बा गेटवर राहायचा तसाच उभा राहिला. इथंही निवडतात, असं त्याला वाटलं. एक्स-रेत पाठ बरीच सरळ दिसली. म्हणून नुसती दबलेली नस मोकळी केली, मणके होते तसेच स्क्रूनं जोडले. मुंग्या गेल्या, पण बा आणखीच झुकत गेला. समोरच्याचं तोंड बघायचं तर मान उचलावी लागे.

"आता शिंगंच फुटायची राहिली," तो म्हणायचा. आई हसायची नाही.

तोवर मी बी.एस्सी. झाले होते. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेलं पहिलं माणूस मी, आणि हे मी मोठ्यानं सांगते. बाला मीच गंगापूर रोडला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेआधी त्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, पँट गुडघ्यांच्या वर घ्या." मग म्हणाल्या, "गुडघे सरळ करा."

"सरळच हाय की."

"नाहीत. पुरते सरळ करा."

त्यानं केले, आणि अख्खा माणूस पुढं कोसळला. मी धरला म्हणून वाचला.

"नेहमी असेच उभे राहता?"

"कामाला घेत नाय त्याबिगर," बा म्हणाला.

बाईंनी समजावलं. डोकं कमरेच्या वर नीट आलं नाही, तर नुसतं उभं राहण्यातच अंगातलं बळ संपतं. पहिल्या ऑपरेशननं नस सुटली, बाक तसाच राहिला. आता पुन्हा उघडावं लागेल, ऑपरेशन मोठं आहे, जिवाला धोका आहे. आणि नंतर पाठ कधीच वाकवता येणार नाही. मी सही करताना थांबले.

"कर पोरी," बा म्हणाला. "जमीन बघून बघून कंटाळलो."

जखम चिघळली, टाके पुन्हा घातले. कूस बदलताना तो ओरडायचा ते चाळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत जायचं. आता त्याला खाली बसता येत नाही. पंगतीत तो नसतो. चप्पल आई घालून देते. थंडीत दुखतं. कामावर तो परत गेला नाही.

पण माझा बा आज दारात कशालाही न धरता, गुडघे सरळ ठेवून उभा राहतो.