ढेकर येईस्तोवर

इंजिनाच्या वरच्या रबरी नळीवर दोन बोटं ठेवायची, मान डावीकडे कलती करायची, डोळे मिटायचे आणि शेजारी जो कोणी असेल त्याला विचारायचं, "आला का ढेकर?"

आमच्या आगारातले मिस्त्री म्हटलं की मला हेच दिसतं. त्यांना नाव होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. त्यांच्याबद्दल मी लिहावं असा काही माझा अधिकार नाही. मी साधा चालक. पण त्यांच्या बाबतीतली एक गोष्ट माझ्याकडे आहे आणि ती माझ्या मोठेपणाची नाही. आगारप्रमुख साहेबांना ती मी लिहून दिली, त्याची शिक्षाही भोगली. कागदावर न मावलेलं तेवढं इथे सांगतो.

आधी ढेकर म्हणजे काय ते ऐका. बसचं इंजिन थंड राहावं म्हणून त्यात पाणी आणि कुलंट फिरत असतं. नळी बदलली की ते सगळं सांडतं आणि नव्याने भरावं लागतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, ओतलं की झालं! नाही हो. आत कुठेतरी हवा अडकून बसते आणि पाण्याला पुढे जाऊ देत नाही. वरून भरलेलं दिसतं, आत इंजिन कोरडं तापत असतं. म्हणून हळूहळू ओतायचं, नळीजवळचा बारका स्क्रू सैल करायचा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं आणि नळी दाबत राहायची. बुडबुडे येतात, पाणी खाली बसतं, पुन्हा ओतायचं. शेवटी एक मोठा बुडबुडा भप्‌ करून फुटतो आणि स्क्रूतून पाण्याची सलग धार लागते. बाकीचे याला एअर काढणं म्हणत. मिस्त्री ढेकर म्हणत.

एकदा मी चेष्टेने विचारलं, "मिस्त्री, गाडीले कायचा ढेकर हो?"

ते हसले नाहीत. "पोरगी झाली तवा घरवाली दोन महिने दवाखान्यात होती. पोरीले म्याच पाजलं, वाटी-चमच्यानं. पहिल्या दिवशी पाजलं अन् तसंच निजवलं, सारं ओकली. मंग मायनं खांद्यावर घ्याले शिकवलं." पान्याने त्यांनी इंजिनावर हलकेच टकटक केलं. "हेबी लेकरूच हाये. पाजाले कोनालेबी येते."

या त्यांच्या थांबण्यापायी वाहतूक नियंत्रक वैतागायचे. "मिस्त्री, झालं का बाळाचं?" ते लांबूनच ओरडायचे. मिस्त्री शांतपणे म्हणायचे, "थांबा साहेब, काजळ-तीट लावून धाडतो." पण त्यांच्या हातची गाडी वाटेत तापून उभी राहिली असं कधी झालं नव्हतं. हे ते स्वतः सांगत नसत, पण दुसऱ्या कोणी सांगितलं की हातातलं काम जरा थांबवून ऐकत.

मग तो दिवस आला. ऐन लग्नसराई, माझी अकोल्याची फेरी आधीच उशिरा. मिस्त्रींनी नळी बदलून पाणी भरलं होतं. आगारातला कारकून घाईत होता म्हणून त्यांनी कामाच्या कागदावर सहीही करून टाकली होती. इंजिन चालू, झाकण उघडं, आणि तेवढ्यात त्यांना दुसऱ्या गाडीच्या ब्रेकसाठी हाक आली. जाताना मला म्हणाले, "डायवरसाहेब, झाकणाले हात लावू नोका. पोटात वारा हाये अजून तिच्या. मी आलोच."

इकडे प्रवासी खिडक्या बडवत होते. एक आजोबा मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आमी पोचू तवर पंगती उठतीन तिकडे." भोंग्यावरून नियंत्रक माझ्या गाडीचा उद्धार करत होते. पाण्यात दोन बुडबुडे आले, मग काही आलं नाही. झाला ढेकर, असं मी मनाशी म्हटलं. स्क्रू पिळला, झाकण घट्ट लावलं आणि निघालो.

मेडशी गाव मागे टाकून घाट लागला. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. आत अडकलेल्या हवेमुळे त्याला पाणीच लागत नव्हतं, तर तो बिचारा काय सांगणार! कळलं ते वासाने, मग वाफेने. गाडी बाजूला घेतली तेव्हा इंजिन कामातून गेलं होतं. पन्नास माणसं उन्हात उतरली. कडेवर लेकरू असलेल्या एका बाईने आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, "घ्या भाऊ, ओता याच्यात." मला मान वर करवेना.

चौकशीला साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "हवा पूर्ण निघाली नसताना झाकण कोणी लावलं?" माझ्या नावावर आधीचा एक ठपका होता. दुसरा पडला की लांब बदली ठरलेली, आणि घरी आई अंथरुणावर. मी बुटांकडे बघत राहिलो. मिस्त्री मान कलती करून माझ्याकडे बघत होते, नळीपाशी थांबायचे तसे. बराच वेळ थांबले. मग साहेबांना म्हणाले, "कागदावर सही माही हाये, साहेब."

ते खोटं बोलले नाहीत आणि माझं नावही त्यांनी घेतलं नाही.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांना इंजिनावरून काढून टायरवर टाकलं. भिंतीच्या कडेला बसून ते दिवसभर चाकांत हवा भरायचे. कसं काय मिस्त्री, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "जल्मभर हवा काढली, आता भरून राह्यलो." सगळे हसायचे. मीही हसायचो, हे लिहिताना लाज वाटते. पाठीमागे लोक म्हणत, म्हातारा हवा काढायची विसरून गेला असेल. ते ऐकून मी रोज ठरवायचो, आज साहेबांकडे जायचं. रोज माझ्या गाडीची वेळ व्हायची. निरोपाच्या कार्यक्रमात एकाने भाषणात सांगितलं, चूक कोणाच्या हातून होत नाही? त्यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या सुट्टीला शेलूबाजारच्या गाडीत बसलो आणि वाटेत किन्हीराजाला, त्यांच्या गावी, उतरलो. सोबत पेढे घेतले होते. गुन्हा कबूल करायला जाताना काय न्यावं, हे विचारणार तरी कोणाला!

मिस्त्री अंगणातच होते. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि महिन्याभराची नात त्यांच्या खांद्यावर होती. मी तोंड उघडणार तोच त्यांनी बोट वर केलं.

"थांबा. आताच पेली हाये."

मी बाजेवर बसलो. नातीच्या पाठीवरून हात फिरवत ते येरझाऱ्या घालत होते. मान डावीकडे कलती, डोळे मिटलेले. उठून निघून जावं असं मला दोनदा वाटलं. अखेर त्या एवढ्याशा पोरीने चांगला दणदणीत ढेकर दिला.

"हं," मिस्त्री म्हणाले, "बोला आता."

"मिस्त्री, झाकण म्या लावलं होतं." बसमध्ये घोकलेलं पुढचं सगळं विसरलो आणि मला रडूच फुटलं.

"मले काय माहीत नव्हतं?"

"मंग साहेबाले काहून नाही सांगतलं तुमी?"

"तुमी सांगसान म्हणून थांबलो होतो ना."

मी डोळे पुसले. "उद्या लिहून देतो साहेबाले."

राहू द्या, झालं गेलं, असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "द्या. आगारातल्या सगळ्यायले समजलं पाह्यजे, मिस्त्री विसरला नव्हता." बोलताना त्यांचा आवाज कापला. त्या आठ महिन्यांत मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

आतून त्यांची मुलगी चहा घेऊन आली. माझं तोंड पाहून दारातच थबकली. "बाबा, काय झालं यायले?"

मिस्त्रींनी नातीला तिच्याकडे दिलं आणि मोकळा झालेला हात माझ्या पाठीवर ठेवला.

"काही नाही वं," ते म्हणाले. "आठ महिन्याचा ढेकर होता. आला."