मास्तरांचे चिंचोके

अक्काचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, घरी, दाढी करत होतो. "मास्तर गेलं," ती म्हणाली. "सावकाश ये. आता घाई न्हाई." आवाजात ना रडं ना कापरं, दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगावं तसं. जतला पोचेपर्यंत मी स्वतःलाच विचारत होतो, आपल्याला वाईट कसं वाटत नाहीये... शांतवन मास्तर म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा घ्यायचे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं आहे तेवढं आधी सांगून टाकतो.

दरवर्षी ईस्टरला कब्रस्तानातली पहाटेची उपासना आटोपली, की दाजी घरी येऊन बाजेवर चादर ताणायचे आणि चहाच्या जुन्या डब्यातले चिंचोके ओतायचे. चिंचोके म्हणजे येशू उठला त्या पहाटे त्याच्या कबरेकडे गेलेल्या बाया, पांढरे खडे म्हणजे देवदूत. बायबलात ही गोष्ट चौघांनी चार तऱ्हेने सांगितलीय. मत्तय म्हणतो बाया दोन, मार्क म्हणतो तीन, लूक आणखी वाढवतो, योहानाकडे मग्दालिया मरिया एकटीच. देवदूत कुठे एक, कुठे दोन. कुठे कबरेच्या तोंडावरच्या धोंडेवर बसलेला, कुठे आत. दाजी एकेक चिंचोका सरकवायचे. मरियेला येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडे पळवत न्यायचे, परत आणायचे, तोवर बाकीच्यांना आत धाडायचे. बोलला एकच देवदूत, म्हणून काहींनी एकच सांगितला. "जो जिथं हुबा, तितनं त्यानं बघितलं. खोटं कुणीच बोल्लं न्हाई," असं म्हणून मिशीवरून बोट फिरवायचे. बघायला मजा यायची, खोटं कशाला बोलू. फक्त एका जागी गाडी अडायची. मार्क म्हणतो, बाया कबरेपासून पळाल्या आणि भ्याल्या म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत. बाकीचे म्हणतात, जाऊन सांगितलं. "वाटंत गप हुत्या, मग बोलल्या," एवढं म्हणून दाजी घाईघाईने चिंचोके गोळा करायला लागायचे.

त्यांचा एकुलता एक दानी कॉलेजात असताना तापाने सांगलीच्या दवाखान्यात वारला. त्या दिवशी अक्का त्याच्याजवळ होती, दाजी जतला. ईस्टरच्या नाटकाची तालीम होती, आणि ताप काय, उतरेल, असं त्यांचं गणित होतं. अक्का सांगायची, जाण्याआधी पोराने डोळे उघडले आणि 'पप्पा आलं का?' असं विचारलं. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, सकाळपासून त्याला शुद्धच नव्हती. झालं, मास्तरांना उलटतपासणीला विषय मिळाला. भाकरी वाढताना, पाहुण्यांसमोर, प्रार्थनेला डोळे मिटायच्या आधी... "शुद्ध न्हवती तर बोल्ला कसा?" अक्का सांगायची, "सिस्टर जेवाय गेल्ती तवा." "मगाशी म्हणालीस, दाराशी हुती." "आवं, दाराशी हुती, मग गेली." "खोटं बोलतीस. मला डागण्या द्यायला रचलंस." वर्षानुवर्षं हेच. एकदा तर तिला ताटावरून उठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. त्या माणसाचा मला राग होता आणि आजही आहे.

एका ईस्टरला राहवलं नाही. म्हणालो, "दाजी, मरियेला तुमी दोनदा पळवता, तिला काय बोलत न्हाई. आन सिस्टर एकदा जेवाय गेली तर अक्का खोटी?" बोटांत चिंचोका धरून दाजी शांतपणे म्हणाले, "ते शास्त्र हाय. ही बायकू हाय." अक्का तिथेच स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने आत जाऊन उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस बंद केला.

मास्तर गेले तेव्हा त्यांच्याजवळ ती एकटीच होती. दफनविधीनंतर ओट्यावर चहा फिरत असताना चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, मास्तर शेवटी काय बोलले? "प्रभूचं नाव घेतलं," अक्का म्हणाली. साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या रविवारच्या प्रवचनाची सोय झाली. शेजारच्या मावशींना तिने सांगितलं, "पाणी मागितलं." आणि दाजींची बहीण रडत गळ्यात पडली, तर तिला म्हणाली, "शुद्धच न्हवती वो." चहाच्या एका फेरीत नवऱ्याची तीन मरणं सांगून ती कपबशा विसळायला गेली.

सगळे पांगल्यावर मी आत गेलो. "अक्का, खरं काय झालं?" फळीवरचा डबा काढून तिने चिंचोके बाजेवर माझ्यासमोर ओतले. "लाव की. तुझ्या दाजीनं इतकी वर्सं शिकवलंय."

"दानीचं नाव काढलं का त्यांनी? तुझी माफी मागितली का?"

"जो जिथं हुबा, तितनं त्यानं बघितलं," ती म्हणाली. "लाव जुळवून." आणि भात टाकायला उठली.

निघताना तो डबा तिने माझ्याच पिशवीत घातला. आता तो साताऱ्यात माझ्या टेबलावर असतो. अधूनमधून चिंचोके ओतून बसतो. आधी पाणी मागितलं, मग प्रभूचं नाव घेतलं, मग शुद्ध गेली... एवढं मलाही जुळवता येतं; दाजींनी तर डोळे मिटून जुळवलं असतं. पण तिने जे कोणालाच सांगितलं नाही, त्याचा चिंचोका डब्यात नाही. काल फोनवर पुन्हा विचारलं. अक्का गप्प राहिली, मार्काच्या त्या बायांसारखी. फक्त ती भ्यालेली नव्हती.